माउथ ऑर्गनच्या टोळ्या आणि झाडीपट्टीची रात्र

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, आमगाव, सालेकसा मागे टाकते आणि दरेकसा स्टेशनानंतर महाराष्ट्राची हद्द सोडते. पुढचं बोरतलाव छत्तीसगडात. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेने या डोंगरांतून वाट काढली, तेव्हापासून दरेकसा हे गाव देशाच्या एका मोठ्या वाटेवर आहे. जवळच बोगदा, हाजराफॉलचा धबधबा, आणि माघ पौर्णिमेला दूरदूरच्या गोंड भाविकांनी भरून जाणारं कचारगड. एवढी वर्दळ असूनही २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा त्याचं चित्र इथे दिसण्याची सोय नव्हती. त्या काळच्या प्रक्षेपणाचा पल्ला शे-सव्वाशे किलोमीटरांपलीकडे फारसा जात नसे, आणि मुंबई रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास लांब. त्यामुळे सुरुवातीच्या दूरदर्शनचे करमणूक करणारे कलावंत म्हटलं की मराठी लेखांत जी नावं ओळीने येतात, म्हणजे ‘गजरा’तली मंडळी, ‘हास परिहास’चे बबन प्रभू आणि याकूब सईद, रामदास पाध्ये आणि त्यांचा अर्धवटराव, ‘चिमणराव’ रंगवणारे दिलीप प्रभावळकर, ती दरेकसाच्या त्या वर्षांच्या आठवणीत असण्याचं काही कारण नाही. मग तिथे करमणूक नव्हती का? होती, आणि रात्र-रात्र होती. तिची नोंद मात्र कुठल्याच पडद्यावर झाली नाही. टीव्हीने ज्या कलांना हाताशी धरलं त्यांचं पुढे काय झालं आणि ज्यांच्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही त्यांचं काय झालं, हे शेजारी ठेवून पाहिलं तर निकाल अपेक्षेच्या उलट लागतो. पडद्यावर गाजलेल्या काही कला आज केवळ चित्रफितींत उरल्या आहेत. पडद्याबाहेर राहिलेली झाडीपट्टीची, म्हणजे दरेकसाच्या या परिसराची, रंगभूमी मात्र दर हिवाळ्यात उभी राहते.

पहिल्या गटाचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या माउथ ऑर्गनच्या टोळ्यांचं. १९२०च्या दशकात बोरा मिनेव्हिच नावाच्या वादकाने ‘हार्मोनिका रास्कल्स’ हा संच बांधला. आठ-दहा जण एका रांगेत उभे राहून माउथ ऑर्गन वाजवायचे आणि त्याच वेळी एकमेकांना ढकलायचे, खोड्या काढायचे, रांगेत घुसायला धडपडायचे. या गोंधळाचा केंद्रबिंदू होता जॉनी पुलिओ हा ठेंगणा विनोदी कलावंत. सगळे मिळून त्याला मागे सारतात आणि तो पुन्हा पुढे येतो, एवढ्याच कल्पनेवर तो प्रेक्षकांना मनमुराद हसवी. पुढे त्याने स्वतःची टोळी काढली आणि १९५०च्या दशकात ती अमेरिकन टीव्हीवर वारंवार दिसू लागली. दुसरीकडे ‘हार्मोनिकॅट्स’ हे त्रिकूट गंभीरपणे संगीताच्या वाटेने गेलं. जेरी मुराद स्वरावली वाजवी, अल फिओरे जवळजवळ हातभर लांबीच्या कॉर्ड हार्मोनिकावर साथीचे स्वरसमूह धरी आणि डॉन लेस खर्जाचा हार्मोनिका सांभाळी. १९४७ साली त्यांनी ‘पेग ओ माय हार्ट’ या जुन्या गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली. ध्वनिमुद्रक बिल पटनम याने स्वरांना घुमारा यावा म्हणून स्टुडिओच्या न्हाणीघरात ध्वनिक्षेपक आणि माइक ठेवून तो आवाज मूळ आवाजात मिसळला. मुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तरीही अमेरिकेतली वादकांची संघटना तोवर माउथ ऑर्गनला वाद्य मानायलाच तयार नव्हती. १९४८ साली या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला तेव्हा माउथ ऑर्गनवाल्यांना मुद्रण करायला मोकळीक राहिली, कारण नियमाच्या भाषेत ते वादकच नव्हते.

वाद्य म्हणून मान नाही आणि लोकप्रियता मात्र अफाट, हा प्रकार या वाद्याच्या घडणीतून येतो, म्हणून ती घडण थोडी जवळून पाहायला हवी. माउथ ऑर्गनच्या आत पितळी पट्टीवर बारीक खाचा असतात आणि प्रत्येक खाचेवर एका टोकाला जोडलेली पितळेची जीभ. फुंकर आत गेली की काही जिभा थरथरतात, श्वास ओढला की दुसऱ्या. दहा छिद्रांच्या साध्या वाद्यात अशा वीस जिभा असतात; बारा छिद्रांच्या, बाजूला कळ असलेल्या क्रोमॅटिक प्रकारात अठ्ठेचाळीस. आपल्याकडच्या जत्रांत आणि दुकानांत मिळणारे चोवीस छिद्रांचे माउथ ऑर्गन बहुधा ट्रेमोलो जातीचे. त्यांत एका स्वराला दोन जिभा आणि त्या एकमेकींपासून किंचित बेसूर लावलेल्या, त्यामुळे आवाज हलता, लहरता येतो. हीच मोकळ्या जिभेची रचना आपल्या पेटीत असते, फक्त तिथे फुंकर भात्याची. ठरावीक सूर काढायला सोपा, खिशात मावणारा, स्वस्त, असा हा बाजा श्वास घेता येणाऱ्या कुणालाही दहा मिनिटांत एखादी चाल वाजवू देतो. पण सुरांच्या मधल्या जागा, मींड, आंदोलनं त्यात मोठ्या कसबाशिवाय निघत नाहीत. याच कारणाने आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते १९७१ पर्यंत उघडलं नाही. गोविंदराव टेंब्यांपासून चालत आलेली पेटीवादनाची परंपरा असूनही तिची ही गत, तिथे माउथ ऑर्गनला मैफलीत कोण विचारणार?

आपल्याकडे त्याला जागा मिळाली ती हिंदी सिनेमात. ‘सोलवाँ साल’ (१९५८) मधल्या देव आनंदच्या रेल्वेच्या डब्यातल्या गाण्यात वाजणारा माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांचा. ‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटात तर त्यातल्या अपंग मुलाची ओळखच हे वाद्य आहे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं आणि माउथ ऑर्गन पुन्हा राहुलदेव यांचाच. ‘शोले’ (१९७५) मध्ये अमिताभ बच्चनच्या ओठांवर दिसणारी धून प्रत्यक्षात भानु गुप्ता यांनी वाजवली. या तिन्ही ठिकाणी वाद्य एकट्या माणसाचं आहे: प्रवासी, अनाथ मुलगा, अबोल साथीदार. अमेरिकेत ते टोळीचं वाद्य झालं, आपल्याकडे एकाकीपणाचं. शहरांतल्या ऑर्केस्ट्रांनी हीच गाणी उचलली, त्यामुळे माउथ ऑर्गनवाल्याला कार्यक्रमात एखाद-दुसरी जागा मिळे. स्वतंत्र संचाची, दौऱ्यांची, विनोदाची अमेरिकेसारखी परंपरा इथे रुजली नाही.

अमेरिकेतल्या टीव्हीला मात्र अशा टोळ्या सुरुवातीला फार सोयीच्या होत्या. पडदा लहान आणि कृष्णधवल, स्टुडिओ अरुंद, माइक मोजके. दहा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की एकाच चौकटीत मावत. माउथ ऑर्गनचा आवाज मधल्या पट्टीतला, घरच्या टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधूनही तो न फाटता येई. हालचाल ठसठशीत, संवाद जवळपास नाहीत, आणि मुख्य म्हणजे सगळा प्रकार चार-पाच मिनिटांत आटोपणारा. मिल्टन बर्ल किंवा एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमांना दर आठवड्याला असे तुकडे हवेच असत. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकातही हेच गणित दिसतं. ‘गजरा’ हा छोट्या प्रहसनांनी गुंफलेला कार्यक्रम, बोलक्या बाहुल्या आणि नकला हे सगळे छोट्या चौकटीत पूर्ण होणारे प्रकार. पु. ल. देशपांडे भारतीय टीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या निर्मात्यांपैकी एक होते आणि स्वतः पेटी वाजवणारे, एकट्याने रंगमंच भरणारे कलावंत होते. एकपात्री आणि छोट्या तुकड्यांच्या करमणुकीचं हे नातं आपल्याकडेही सुरुवातीपासूनच होतं.

हीच सोय पुढे गळ्याशी आली. दौऱ्यावर फिरणारी टोळी एकच पाच मिनिटांचा तुकडा वर्षानुवर्षं घासून-पुसून वापरी, कारण प्रत्येक गावाला तो नवा असे. टीव्हीवर तोच तुकडा एका रात्रीत साऱ्या देशाने पाहिला. पुढच्या वेळी काय दाखवायचं? गायकाला नवं गाणं मिळतं, विनोदवीराला लेखक मिळतात. ठेंगण्या माणसाला रांगेतून ढकलण्याच्या कल्पनेला मात्र किती नवी रूपं देणार? दहा वर्षांची पुंजी दहा प्रक्षेपणांत संपली, आणि ती पुन्हा कमवायला जी छोटी नाट्यगृहं लागत तिथला प्रेक्षक आता घरीच टीव्हीसमोर बसला होता.

इथे एक आक्षेप रास्त आहे. टोळ्या टीव्हीने संपवल्या हे म्हणणं अर्धवट आहे, त्यांना गिटारने संपवलं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोल आलं, तरुणांच्या हाती विजेची गिटार आली, आणि जोरकस बँडपुढे माउथ ऑर्गनची रांग जुनाट दिसू लागली. शिवाय या टोळ्या जिच्यावर वाढल्या ती व्हॉडव्हिल नावाची फिरती रंगभूमी बोलपटांनी आणि रेडिओने टीव्हीच्या आधीच पोखरली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण रुचीत बदल झाल्याने कला मागे पडते, तिचं नामशेष होणं वेगळं. मागे पडलेल्या कलेला तग धरायला एखादा आसरा लागतो, जिथे ती जुनी असूनही हवीशी असते. या टोळ्यांना असा आसरा नव्हता, कारण त्यांचा खेळ कुणाच्याही सणाशी, शेतीशी, नात्यागोत्याशी बांधलेला नव्हता. तो कुठल्याही गावात, कुठल्याही दिवशी होऊ शके. त्यांचा हाच मोकळेपणा टीव्हीला हवा होता, आणि टीव्हीची गरज सरल्यावर त्याच मोकळेपणामुळे त्यांना बांधून ठेवणारं कुणी उरलं नाही.

झाडीपट्टीत याच्या नेमकं उलट आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते. भाऊबीजेपासून गावोगाव पाळीपाळीने मंडईचा दिवस येतो, दिवसा बाजार आणि रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं किंवा नाटक. धान कापून घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, थंडी असते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. नाटक ही या सगळ्याची रात्रीची बाजू. गावातलं मंडळ वडसा (देसाईगंज) इथल्या नाट्यकंपनीकडून ठरलेल्या रकमेला प्रयोग घेतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं, नफा-तोटा गावाचा. रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो आणि तांबडं फुटेस्तोवर खेळ चालतो. रंगमंचाच्या वरून माइक टांगलेले असतात. पात्र बोलायची वेळ आली की माइकखाली येतं, संवाद फेकतं आणि बाजूला सरतं, त्यामुळे सगळ्या हालचालींना स्वतःची एक लय येते. पुढच्या बाजूला ऑर्गन किंवा कीबोर्ड, तबला, ऑक्टोपॅड. खडी गंमतीचा मांड याहून साधा. चौकात शाहीर, ढोलकीवाला, टाळकरी, नाच्या आणि सोंगाड्या उभे राहतात, लोक सभोवती बसतात, आणि दोन शाहिरांचे फड समोरासमोर आले तर सवाल-जवाबात पहाट होते. या रात्रीतला कुठलाही पाच मिनिटांचा तुकडा उचलून पडद्यावर दाखवला तर तो फिका वाटेल. शाहिराचा टोमणा गावातल्या कुणावर आहे हे मुंबईच्या प्रेक्षकाला कळणार नाही, आणि त्या गावाला दुसऱ्या दिवशीही ते आठवून हसू येईल.

दरेकसाचं वेगळेपण असं की इथे या झाडीपट्टीला छत्तीसगडचं ‘नाचा’ हे लोकनाट्य येऊन भिडतं. बोरतलावपलीकडे डोंगरगड, त्यापुढे राजनांदगाव. त्याच भागातल्या रवेली गावचे दाऊ मंदराजी यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस नाचाची संघटित मंडळी उभारली आणि चिकारा या तंतुवाद्याच्या जागी हार्मोनियम आणलं. आकाशवाणीने जे वाद्य वर्ज्य ठरवलं ते इथे रात्रभराच्या खेळाचा आधार झालं, कारण उघड्यावर, शेकडो माणसांपुढे, गाणाऱ्याला पक्का सूर धरून देणारं दुसरं सोपं वाद्य नव्हतं. माउथ ऑर्गनचंच हे थोरलं भावंड. भाता आणि पेटारा मिळाल्याने त्याला आवाज पुरला आणि गायकाची साथ करण्याचं काम मिळालं. या साथीच्या कामानेच पेटी टिकली, असं मला वाटतं. माउथ ऑर्गन तोंडाशी धरला की वाजवणाऱ्याला गाता येत नाही, बोलता येत नाही, आणि लोकरंगभूमीत तोंड बंद ठेवणाऱ्याला फारसं काम नसतं.

आता दुसरा आक्षेप. झाडीपट्टी टिकली यात तिचं काय मोठेपण, टीव्ही तिथे उशिरा पोचला म्हणून ती टिकली, एवढंच. या म्हणण्याला भूगोलाचा आधार आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रहावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची यंत्रणा, सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी, जाळीच्या मोठ्या तबकड्यांच्या अँटेना. त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूरचा परिसर होता, म्हणजे दरेकसाच्या याच रेल्वेमार्गावर पुढे. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता आणि कार्यक्रमांच्या भाषा हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड अशा होत्या; मराठी नव्हती. मुंबईचं प्रक्षेपण पश्चिमेला थांबलेलं, उपग्रहाचं पूर्वेला, आणि मधल्या पट्टीत दरेकसा. पण ही उसंत फार दिवसांची नव्हती. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण आलं, १९८४च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांचा धडाका लागला, १९८७ मध्ये ‘रामायण’ने रविवारची सकाळ रिकामी केली, नव्वदीत केबल आली आणि आता प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. उशिरा येण्याने कला वाचत असती तर ती एव्हाना संपायला हवी होती. प्रत्यक्षात वडशाला आजही डझनांनी कंपन्या आहेत आणि हंगामात एकेका कलावंताला रोज नवं गाव असतं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या आयुष्यभराच्या कामासाठी.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. टिकली ती नेमकी काय? आजच्या झाडीपट्टी नाटकात सिनेमाची गाणी आहेत, नृत्याचे तुकडे आहेत, पोस्टरवर मुंबईच्या मालिकांतले चेहरे आहेत. टीव्हीने तिला मारलं नसेल, पण आतून बदललं. हे मान्य करावंच लागेल, आणि पुढे जाऊन असंही म्हणावं लागेल की दंडार आणि खडी गंमत यांना नाटकाइतकं बळ राहिलेलं नाही. नाच्याचं काम शिकायला तरुण पोरं सहज पुढे येत नाहीत. तरी बदलाची दिशा लक्षात घ्यावी. टीव्हीवरचा चेहरा झाडीपट्टीत येतो तेव्हा त्याला टांगत्या माइकखाली उभं राहून, थंडीत, पहाटेपर्यंत, गावाच्या अटींवर काम करावं लागतं. जॉनी पुलिओला टीव्हीच्या अटींवर जगावं लागलं. इथे टीव्हीचा कलावंत मंडईच्या अटींवर येतो, आणि हा फरक कलेच्या अंगच्या गुणाइतकाच तिच्या भोवतीच्या व्यवस्थेचा आहे. माउथ ऑर्गनवाले कमी प्रतिभेचे होते असं कुणी समजू नये. हार्मोनिकॅट्सच्या तीन वाद्यांतलं सुरांचं वाटप ऐकलं तर त्यामागची मेहनत उमगते.

एका बाबतीत मात्र हरलेले जिंकले आहेत. अमेरिकेत सुरुवातीचे कार्यक्रम थेट होत आणि पडद्यावरचं चित्र फिल्मवर टिपून ठेवलं जाई. त्या फिती पुष्कळ उरल्या, म्हणून पुलिओची धडपड आज कुणीही पाहू शकतो. आपल्याकडे टेप महाग असल्याने दूरदर्शनने पुष्कळ जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे मुद्रित केले, तरी लेखांत आणि आठवणींत त्या कलावंतांची नावं राहिली. नाचाच्या बाबतीत तर फरक फार ठळक दिसतो. हबीब तन्वीर यांनी छत्तीसगडच्या नाचा कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ उभं केलं, १९७५ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावर चित्रपट केला, १९८२ मध्ये एडिंबरोला नाटक गाजलं; त्यामुळे मदनलाल, ठाकुरराम, लालूराम, फिदाबाई ही नावं नाट्यइतिहासात आहेत. त्याच वर्षांत त्याच लोहमार्गाच्या अलीकडच्या गावांत रात्र जागवणाऱ्या शाहिरांची, नाच्यांची, पेटीवाल्यांची नावं त्यांच्या गावाबाहेर कुणाला माहीत नाहीत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर आणि इथल्या लोककलांवर केलेलं काम नसतं तर एवढंही हाताशी राहिलं नसतं.

हे काम पुढे नेण्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहायची गरज नाही. शाहिरांच्या हस्तलिखित वह्या, मंडईची जुनी हँडबिलं, नाट्यमंडळांचे जमाखर्च, लग्नाच्या अल्बममध्ये चुकून आलेला एखाद्या फडाचा फोटो, एवढी सामग्री सालेकसा तालुक्यातल्या घराघरांतून निघू शकते. प्रत्येक कागदामागे चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: कलावंताचं नाव, गाव, वर्ष आणि तो काय वाजवी किंवा कोणती भूमिका करी. शाळांनी, ग्रामपंचायतींच्या वाचनालयांनी उन्हाळ्यात, कंपन्यांचा हंगाम आटोपल्यावर आणि धानाची कामं सुरू होण्याआधी हे हाती घ्यावं. १९७५ साली विशीत असलेला शाहीर आज सत्तरीत आहे, आणि त्याला अजून लावण्या पाठ आहेत.